तिसरं पिवळं कार्ड

क्लबच्या खोलीत शिरला की सोपान सगळ्यांत आधी फळा भिंतीकडे फिरवायचा. त्या फळ्यावर मी खडूने लीगचा तक्ता लिहून ठेवत असे. कोणाचे किती सामने झाले, किती गोल, किती गुण. सोपानला तो तक्ता नजरेसमोर नको असे. फळा फिरवून झाला की तो बाकावर बसायचा आणि बुटांच्या नाड्या ओवायला घ्यायचा. पोरं हसायची. कोणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणायचं, "तात्या, आठ गुण झाले बरं का आपले," की सोपान दोन्ही कानांवर हात ठेवायचा आणि त्याला एक शिवी हासडायचा.

त्याचं घराणं मेंढपाळांचं. मेंढरं मोजायची नाहीत, मोजली की कळप कमी होतो, हे त्याच्या आजाने त्याला शिकवलं होतं. खरेदीला व्यापारी आला तर व्यापाऱ्याने मोजायचं, आपण तोंड फिरवून उभं राहायचं. पण एक मेंढरू मागे राहिलं तरी त्याला चटकन कळे. कसं कळतं, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "तुमी मोजता, भाऊसाहेब. आमी वळखतो. एखादं तोंड दिसलं न्हाई की कळतंय."

मी सरकारी नोकरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो. गेवराईतल्या आमच्या 'उगवता तारा' फुटबॉल क्लबचा मी एकवीस वर्षं सेक्रेटरी होतो. नोंदी ठेवणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं आणि तेच मला नीट येतं असा माझा समज होता. सोपानबद्दल लिहायचं तर त्यातल्या एका नोंदीबद्दल लिहावं लागेल. बाकी सगळं त्यापुढे किरकोळ आहे. तरी आधी माणूस सांगतो.

तो आम्हाला मैदानाच्या कडेला सापडला. त्याची मेंढरं तिथे चरत होती आणि आमचा सराव चालू होता. रफिकने मारलेला एक फटका गोलवरून गेला तो थेट त्याच्या अंगावर. त्याच्या एका हातात नुकतं जन्मलेलं कोकरू होतं. दुसऱ्या हाताने त्याने चेंडू छातीशी दाबून धरला आणि कोकराला धक्कासुद्धा लागू दिला नाही. रफिक आमचा आघाडीचा खेळाडू, चौकात त्याच्या वडिलांचं शिवणाचं दुकान होतं. तो धावत गेला आणि म्हणाला, "परत मारतो, परत धर बे." सोपानने कोकरू खाली ठेवलं. त्या दिवशी रफिकने मारलेले बहुतेक फटके त्याने धरले.

पुढे नऊ-दहा वर्षं तो आमचा गोलकीपर होता, नंतर कप्तानही. गोलची जाळी फाटली तेव्हा मेंढरं कोंडायची घरची वाघूर आणून त्याने खांबांना बांधली. पेनल्टी अडवण्यात त्याचा हात कोणी धरला नाही. त्याचं गमक विचारलं की सांगायचा, "मेंढरू वळायच्या आधी त्याचा कान वळतोय. माणसाचा खांदा वळतोय. पायाकडं कशाला बघायचं?" सामन्याच्या आधी तो समोरच्या संघाच्या प्रत्येक खेळाडूजवळ जाऊन त्याचं तोंड बघून यायचा. पाठीवरचे आकडे त्याने कधी बघितले नाहीत. बचावातल्या पोरांना ओरडून सांगायचा, "त्या चपट्या नाकाच्याला मोकळा सोडू नका," आणि पोरांना तो कोण ते बरोबर कळायचं.

दिवाळीनंतर त्याचं बिऱ्हाड मेंढरांबरोबर निघायचं. कधी आष्टीकडे, कधी केजकडे, चारा असेल तिकडे. सामना असेल त्या दिवशी तो मेंढरं बायकोवर, पारूबाईवर, आणि धाकट्या भावावर टाकून जीप बदलत बदलत यायचा. त्याच्या अंगाला लोकरीचा वास असे. सामना झाला की हातपाय न धुताच परतीची जीप धरायचा. थांब, जेवून जा म्हटलं की एकच उत्तर, "तिकडं तोंडं वाट बघत्यात."

करोनाच्या आधीचा तो हंगाम. विभागीय लीगच्या अ गटात आठ संघ होते आणि शेवटचा संघ ब गटात उतरणार होता. आम्ही सुरुवातीपासून तळाला होतो. दोन चांगली पोरं पुण्याला कंपनीत गेली होती, एकाचा गुडघा गेला होता. ब गटात जाणं म्हणजे काय हे आम्ही पाहिलेलं होतं. आमच्या आधी दोन क्लब खाली गेले ते परत वर आले नाहीत, दोन वर्षांत बंद पडले. अ गटात खेळल्याच्या प्रमाणपत्राचा पोलीस भरतीत उपयोग होतो म्हणून पोरं पहाटे उठून मैदानावर येत होती. गट गेला असता तर पोरं गेली असती आणि पोरं गेली की क्लब गेला.

शेवटचे दोन सामने उरले तेव्हा आमचे आठ गुण होते, केजच्या संघाचे नऊ. पुढचा सामना त्या केजशीच होता, आमच्या मैदानावर. तो जिंकला तर आम्ही त्यांच्या वर जाणार होतो.

त्याच्या आधीचा सामना आष्टीत झाला. माझी पाठ धरली होती म्हणून मी गेलो नव्हतो. त्या सामन्यात रफिक पाय मुरगळून पडला. तो उठेपर्यंत सोपानने चेंडू हातात धरून ठेवला. पंचाने दोनदा बजावलं आणि मग त्याला पिवळं कार्ड दाखवलं. लीगचा नियम असा की तीन पिवळी कार्डं झाली की पुढचा सामना खेळता येत नाही. प्रत्येकाची कार्डं माझ्या वहीत लिहिलेली असत. ती मोजायचं काम माझं होतं, दुसरं कोणी ते मोजत नसे.

दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, सोपान माझ्या दारात आला. वहाणा हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "भाऊसाहेब, आष्टीत मला पिवळं दावलं. आधी दोन झालीत. एक, दोन, हे तीन." असं म्हणत त्याने बोटं धरून दाखवली. इतक्या वर्षांत त्याला काही मोजताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्याचा चेहरा एखादी चोरी कबूल करावी तसा झाला होता.

मी वही काढली. त्याच्या नावापुढे दोन कार्डं होती. तो म्हणत होता ते बरोबर होतं.

आमचा दुसरा गोलकीपर दत्ता. चेंडू जवळ आला की तो डोळे मिटायचा. दत्ताला उभं करून केजशी जिंकायची काही आशा नव्हती. लीगचे कागद आठवडेच्या आठवडे उशिरा फिरत आणि अशा गोष्टी निसटून जातात हे मी पाहिलेलं होतं. मी वही मिटली आणि त्याला सांगितलं, "दुसरं आहे हे. माझ्याकडे एकच लिहिलेलं आहे. तू मोजू नकोस, ते माझं काम."

त्याने वहाणा खाली टाकून पायात घातल्या. हसून म्हणाला, "मग बरं झालं. मला कुठं मोजता येतंय." आणि रस्त्याला लागला. मी ते तिसरं कार्ड वहीत लिहिलं नाही.

केजचा सामना आम्ही एक-शून्य जिंकला. गोल रफिकचा. शेवटच्या पाच मिनिटांत केजला पेनल्टी मिळाली आणि सोपानने ती डावीकडे झेपावून अडवली. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन चौकापर्यंत नेलं. मीही त्या मिरवणुकीत होतो आणि मला फार आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या गुरुवारी लीगचं पत्र आलं. केजच्या संघाने तक्रार केली होती. तीन पिवळी कार्डं असलेला खेळाडू खेळवला म्हणून सामना केजला दिला होता. त्यांचे बारा गुण झाले, आमचे आठच राहिले. एक सामना शिल्लक होता, पण तो जिंकूनही उपयोग नव्हता. आम्ही खाली गेलो होतो.

संध्याकाळी चौकात, क्लबच्या खोलीसमोर सगळे जमले. सोपानला निरोप गेला होता, तोही आला. रफिकने पत्र मोठ्याने वाचलं आणि मला विचारलं, "भाऊसाहेब, तुमच्या वहीत काय हाय?"

मी वही उघडून त्याच्या हातात दिली. म्हणालो, "दोन आहेत. आष्टीचं कार्ड मला कोणी सांगितलं नाही."

आष्टीत कार्ड दाखवलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. पण ते सेक्रेटरीला कळवायचं काम कप्तानाचं, आणि कप्तान सोपान होता. सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मी काहीतरी आठवून सांगेन असं त्याला वाटत असावं.

"म्या सांगितलंतं," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "सांगितलंतं वाटतं."

त्या 'वाटतं'वर मी सुटलो. मी म्हणालो, "सांगितलं असतंस तर मी लिहिलं नसतं का, सोपान?"

तो चौथीपर्यंत शिकला होता, वाचता येत होतं. रफिकच्या हातातल्या वहीत वाकून त्याने आपलं नाव शोधलं. माझ्या अक्षरावर त्याचा स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वास होता. बराच वेळ बघून तो म्हणाला, "मग माझंच चुकलं असंल."

त्या वर्षी त्याची मेंढरं केजच्या रानांत बसवलेली होती. शेतकरी खतासाठी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. ती रानं कोणाची, हे कोणाला तरी आठवलं. मागून आवाज आला, "केजवाल्याच्या रानात मेंढरं बसवतोय ह्यो. आता कळलं कार्ड कावून लपवलं." दुसरा म्हणाला, "चाऱ्यासाठी क्लब इकला बे." ज्या रफिकसाठी सोपानने तो चेंडू धरून ठेवला होता, तो तिथेच उभा होता. त्याने फक्त वही मिटून मला परत दिली. 'फितूर' हा शब्द कोणी उच्चारला ते मला आठवत नाही. पण तो उच्चारला गेला आणि मग त्याला चिकटला.

मी गप्प होतो. आज बोललो तर आजच सगळं बिघडेल, चार दिवसांनी शांतपणे सांगू, असं मी स्वतःला समजावत होतो. सोपान मैदानावर गेला, खांबांची वाघूर सोडून गुंडाळली आणि खांद्यावर टाकून निघून गेला. शेवटच्या सामन्यात दत्ता जाळी नसलेल्या गोलात उभा राहिला. बघायला कोणी आलं नाही.

मग करोना आला, लीग थांबली. परत सुरू झाली तेव्हा आमच्याकडे अकरा पोरं जमेनात. मी सेक्रेटरीपद सोडलं तेव्हा उरलेल्या लोकांनी माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि भाषणं. एकाने भाषणात सांगितलं की भाऊसाहेबांची वही कधी चुकली नाही. सोपानचं नाव निघालं की लोक अजून थुंकल्यासारखं बोलायचे. तो गावात यायचा बंद झाला होता. बाजारहाट पारूबाईच करायची.

गेल्या वर्षी हायवेवर वाळूच्या हायवा ट्रकने त्याला उडवलं, तो जागीच गेला. गावात लगेच सुरू झालं की मेंढरांना वाचवायला तो गोलात उभा राहायचा तसा हात पसरून गाडीपुढे उभा राहिला. त्याला फितूर म्हणणारेच हे सांगत होते. मी भेटायला गेलो तेव्हा पारूबाईने सांगितलं की तसं काही नव्हतं. मेंढरं कधीच पार झाली होती. तो रस्त्याकडेला बसून पायातला काटा काढत होता.

तिची पालं तेव्हा एका काढून झालेल्या तुरीच्या रानात होती. ती दगडावर बसून सुताचा गुंता सोडवत होती. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग तिनेच विषय काढला. म्हणाली, "ते मला लई येळा इचारायचे. पारू, त्या मंगळवारी म्या भाऊसाहेबाच्या दारात गेलतो का? म्या म्हणायचे, गेलता की, म्या जीपमधी बसलेली व्हते. तरी त्यांला पटायचं न्हाई. म्हणायचे, वहीत न्हाई म्हंजी गेलो नसंन. म्या मोजलं म्हणून क्लब बुडाला, एवढंच धरून बसले."

मी तिला सांगितलं. तो आला होता, त्याने मोजलेलं बरोबर होतं, मला सगळं माहीत होतं आणि मी चौकात खोटं बोललो. सांगताना मला वाटलं होतं ती शिव्या देईल, किंवा रडेल.

तिचे हात थांबले नाहीत. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मला कशाला सांगता? त्यांला चौकात फितूर म्हणलं. चौकात जाऊन सांगा."

बाजाराच्या दिवशी मी गेलो. रफिक आता वडिलांच्या दुकानात बसतो. दत्ता तिथेच होता, जुन्या संघातले आणखी दोघे चहा पीत होते. मी उभा राहून सगळं सांगितलं, इथे लिहिलं आहे तसंच. मशीन थांबलं. दत्ता माझ्याकडे न बघता उठून गेला. रफिकने सुईतून दोरा काढला, परत ओवला, परत काढला. मग विचारलं, "एवढी वर्षं गप कावून बसलात, भाऊसाहेब?"

घरी येऊन विचार केला, माझ्या तब्येतीचं, वयाचं, क्लबच्या अब्रूचं कारण शोधून पाहिलं. त्यातलं एकही खरं नव्हतं. सोपान वर्षातले आठ महिने रानात असायचा आणि मला रोज चौकात याच लोकांना तोंड दाखवायचं होतं. कारण एवढंच होतं.