सिस्टरचे शेअर

कुणीही समोर आलं की आमची सिस्टर आधी त्याची खालची पापणी ओढून बघायची. मग नमस्कार, मग चहा. नवी नवरी असो, तलाठी असो, नाहीतर मतं मागायला आलेला पुढारी असो. "रक्त कमी हाय तुझ्यात," म्हणायची, की झालं स्वागत. सरकारी नर्सच्या नोकरीतून सुटून वर्षं उलटली तरी ही खोड काही सुटली नाही. नाव होतं तिला चांगलं, पण आमच्या पासली गावात ते पोस्टमनशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना ती सिस्टर. मी तिची शेजारीण, म्हणून मला ती वैनी म्हणायची. पण आमचं आपलं अगं-तुगंच होतं.

तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. सगळी नोकरी त्या खांद्याला लशीचा डबा अडकवून, वाड्यावस्त्या पालथ्या घालण्यात गेली. डब्यात बर्फ असायचा. वरच्या वाडीला पोचेस्तोवर तो वितळला की लस फुकट. मग आयांना सांगायचं, पोरं घरी न्या, पुढच्या खेपेला या. "ते सांगताना तोंड कडू व्हायचं बग," असं ती म्हणायची.

नोकरीच्या शेवटाला पुण्याच्या एका नव्या कंपनीची माणसं डबा तपासायला आली. त्यांनी वेगळाच डबा बनवला होता. आतला गारवा टिकायचा, आणि कमी व्हायला लागला की डब्यावरचा दिवा सांगायचा. सिस्टरनं तो दिवसभर चिखलातून फिरवला, संध्याकाळी झाकण उघडून आत हात घातला आणि तशीच बसून राहिली. मला म्हणाली, "वैनी, अजून गार हाय गं." एवढंच. पण एखादीनं नातवाला पहिल्यांदा मांडीवर घ्यावं तसा तिचा चेहरा झाला होता.

पुढं त्या कंपनीचे शेअर निघाले तेव्हा रिटायर झाल्यावर मिळालेले पैसे सिस्टरनं त्यात घातले. मला शेअर म्हणजे काय ते कळेना. तर म्हणाली, "इर्जिक असती ना गं आपली? समदी मिळून एकाचं शेत लावून देतात. तसंच हाय. थोडे हात माझे, थोडे दुसऱ्याचे." मला पटलं. अजूनही शेअर म्हटलं की मला ओणवी झालेली माणसंच दिसतात.

आता तिचं घर कुठं, तर रस्त्यापासून वर, चढावर. पायऱ्या दगडाच्या, एक उंच, एक ठेंगणी. आणि तिचे गुडघे पार गेलेले. डॉक्टरांनी सांगून टाकलं, दोन्ही बदला, नाहीतर खाली राहायला जा. "पेन्शनीत घर चालतं गं, गुडघं चालत न्हाईत," ती हसून म्हणायची. तिच्याकडं विकण्यासारखे होते ते शेअर तेवढेच.

आणि नेमकं तेव्हाच ते वर चढायला लागले. कुणी म्हणे परदेशातली मोठी कंपनी आपली ही छोटी कंपनी विकत घेणार. तिच्या भावाचा मुलगा विलास सारोळ्याला हायवेवर टायरचं दुकान चालवतो. त्याचा मोबाईल सारखा त्याच बातमीवर. मोटरसायकल काढून खास हे सांगायला यायचा.

"आत्या, आत्ता भाव लागलाय. ओटीपी येईल तुमच्या मोबाईलवर, तेवढा सांगा. बाकी मी बघतो."

"घेणारा डबा बनवंल का पुढं?"

"त्यांना म्हणं मोठ्या दवाखान्याची मशीनं पायजेत. डब्यात काय मिळतंय त्यांना? पण आपल्याला काय करायचंय? आपल्याला पैशाशी मतलब."

"मग ऱ्हाऊ दे."

"अवो आत्या, गुडघं कुणाचं हाईत? माझं का तुमचं?"

"माझंच हाईत. म्हणून तर मी बोलतीय," असं म्हणून ती चहा टाकायला उठायची. आणि उठताना भिंतीला हात धरायची. विलास माझ्याकडं बघायचा. मी पदराशी चाळा करत बसायची. मलाही तिनं विकावेत असंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. गुडघे झाले असते, ती शेजारी राहिली असती.

एक महिना बातमी खरी, दुसऱ्या महिन्यात खोटी. भाव वर, भाव खाली. गावात ज्याला शेअर कशाशी खातात हे ठाऊक नाही तोही पायरीखालून ओरडायचा, "सिस्टर, इकले का?" ती म्हणायची, "अफवेचा ताप हाय तो. चढतोय, उतरतोय. औषध कशाला द्यायचं?" पण हळूहळू तिच्या आवाजातला खेळकरपणा गेला. उत्तर तेच, पण दमलेलं. एकदा उन्हात बसलो होतो, तर आपणहून म्हणाली, "भाताची अर्धी आवणी झाल्यावर बांधावर जाऊन कुणी बसतं व्हय, वैनी? कंबर मोडली तरी रोपांची वळ पुरी करावी लागती."

"पण वळ दुसऱ्यानं पुरी केली तर?"

"करंल तर करू दे की. म्या मधनं उठले असं नको."

मग एक दिवस म्हणाली, चल, बघून येऊ. काय? तर कंपनी! आमच्याकडं गाय दुसऱ्याच्या गोठ्यात ठेवली तर माणूस अधूनमधून बघून येतो, तसं. मी विंझरच्या पुढं एसटीत उलटी केली, ती मात्र इंद्रायणी तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन ताठ. पुण्यात रिक्षावाल्याला विचारत विचारत त्या काचेच्या इमारतीपाशी पोचलो. वॉचमननं विचारलं, "कुणाकडं जायचंय मावशी?"

"कुणाकडं न्हाई. आमचं हाय ते बघायला आलोय."

"काय आहे तुमचं इथं?"

"ही कंपनी. समदी न्हाई. जराशी."

तो हसला तशी हिनं त्याची पापणी ओढली. "रक्त कमी हाय तुझ्यात. हसतोस काय?" त्यानं गुपचूप आम्हाला केबिनजवळच्या बाकावर बसवलं आणि वर फोन लावला. बऱ्याच वेळानं गळ्यात कार्डाचा पट्टा घातलेला एक पोरगा खाली आला. डोळ्यांखाली काळं आलेलं. सिस्टरनं तांदूळ त्याच्या हातात दिले आणि सरळ विचारलं, "डबा बंद करणार का रं?"

त्यानं पिशवी दोन्ही हातांनी सावरली. म्हणाला, "आजी, आमचं काय होणार तेच आम्हाला माहीत नाही. रोज काहीतरी ऐकतो. आम्ही आपलं काम करत बसतो."

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. वेल्हे आलं तेव्हा म्हणाली, "ती पोरं बी दमल्यात. पण उठून गेली न्हाईत अजून." मी ओळखलं, आता ही विकत नाही.

पुढच्या पावसात ती पायरीवर पडली. हाड वाचलं, पण विलासनं ऐकलं नाही. सारोळ्याला न्यायचं ठरलं. टेम्पो खाली रस्त्यावर उभा, आणि हिला उतरवता येईना. शेवटी चार पोरांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. चौघांच्याही दंडावर तिनंच टोचलेलं.

"सिस्टर, इका की आता," मागचा पोरगा धापा टाकत म्हणाला. "तुमचं गुडघं हुतील, आमचं खांदं वाचतील!"

"गप ए. टोचताना लाथा झाडत हुतास, तवा मी तक्रार केली का?"

सगळे हसले. तीही हसली. टेम्पोत बसल्यावर मात्र तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बोलण्यासारखं होतं ते गावभर बोलून झालं होतं.

आता ती सारोळ्याला असते. सपाट घर, दाराशी हायवे. दर रविवारी फोन करते. मागून गाड्यांचा आवाज येत असतो, त्यामुळं दोघींनाही ओरडून बोलावं लागतं. मी जेवण विचारते, औषध विचारते, विलासच्या बायकोचं कसं ते विचारते. शेअरचं विचारत नाही. परवा तिलाच राहवलं नाही.

"वैनी, तू इचारत न्हाईस कधी."

"काय?"

"अगं, समदी इचारत्यात ते. इकले का म्हणून."

"मला माहिताय, नाही विकलेस."

"तुला कुणी सांगितलं? विलासनं?"

"विलास कशाला सांगतोय?" मी म्हटलं. "विकले असतेस तर आज पायऱ्या चढून घरी आली असतीस."

पलीकडं गाड्या जात राहिल्या. तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही.