विहिरीतला तिरका दोर

बुऱ्हाणपूरला लोधीपुऱ्याच्या पुढे केळीच्या बागेत एक विहीर होती. तिच्यात सोडलेला दोर आठवला की आजही माझी मूठ आपोआप आवळते.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याची प्रभारी होते. नावं कुणाचीच देत नाही. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात एक शेतकरी आला. त्याच्या लेकीला सासरच्यांनी तान्ह्या बाळासकट गोठ्यात ठेवलं होतं. हुंड्याचं प्रकरण असेल म्हणून मी विचारलं, तर तो आवाज खाली आणून म्हणाला, "नाही मॅडम. पोरीनं विहीर पुजली, अन् विहिरीनं रगत दिलं."

आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्यानं विहीर पुजते. स्वतः पाणी शेंदते, कळशीत हळद सोडते आणि मगच घरातल्या पाण्याला हात लावते. या मुलीनं हळद सोडली आणि कळशीतलं पाणी लाल झालं.

गोठ्यात मुलगी बाळाला घट्ट धरून बसली होती. बाळाच्या मांड्या सोलवटल्या होत्या. सासू दारातच उभी.

"माझ्या जावेनं त्याच विहिरीत जीव दिला, साहेब. तिला पोर नव्हतं. आता हिचं मागते. पोर आम्ही ठेवू, हिला घेऊन जा."

"दूध तुम्ही पाजणार का, मावशी?"

"पाजू काहीबी. पण ही ह्या घरात नको."

मी कळशी मागवली, विहिरीचं ताजं पाणी भरलं आणि घरातलीच हळद टाकली. पाणी माझ्यासमोर लाल झालं. हवालदार दोन पावलं मागे सरकला. मग घरची धुण्याची बादली आठवली. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. सासूलाही असणार, पण त्या विहिरीत तिला जाऊच दिसत होती. माझ्या मते पाण्यात साबणात असतो तसला खार होता, तोही भरपूर. विहिरीकडच्या केळीची पानं कडेनं जळलेली होती. बाळाची दुपटी याच पाण्यात धुतली जात होती.

बांधापलीकडे रंगाईचा, म्हणजे सूत रंगवायचा, कारखाना होता. तो वाढवायच्या परवानगीसाठी आजूबाजूची माती आणि विहिरींचं पाणी तपासून झालं होतं. चौकशी केली तर याच विहिरीचा नमुना स्वच्छ निघालेला. फोटोसुद्धा होता, विहिरीत बादली सोडताना.

नमुना घेणाऱ्या पोराला ठाण्यात बोलावलं. पंचविशीतला, शिकलेला. मला वाटलं, कारखान्यानं फोडलाय. मी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि गप्प बसले. समोरचं माणूस गप्प राहिलं की बहुतेक जण आपणहून बोलू लागतात.

"कसम से मॅडम, मी कुणाचं काही खाल्लं नाही."

"मग पाणी कुठलं भरलंस?"

"रस्त्यावरच्या हँडपंपाचं." तो रडकुंडीला आला. "त्या विहिरीत मी बादली सोडली होती. खालून कुणीतरी दोर ओढला. लोक म्हणतात तिथे बाई आहे. आप हँसो, पण मी परत नाही जाणार."

मी हसले नाही. त्याला जीपमध्ये घातलं आणि विहिरीवर नेलं. दुपारची वेळ, वारा नव्हता. बादली पाण्याला टेकली आणि दोर हळूहळू तिरका होत गेला, कारखान्यापासून दूर, पलीकडच्या भिंतीकडे. हाताला ओढ स्पष्ट जाणवत होती. मी दोर मुठीत घट्ट आवळला. पण साचलेलं पाणी बादली ओढत नाही. हे पाणी वाहत होतं.

बुऱ्हाणपूरच्या जमिनीखाली जुन्या काळातल्या पाण्याच्या वाटा आहेत. त्यांत उतरणाऱ्या विहिरीसारख्या खड्ड्यांना कुंड्या म्हणतात; त्यांची तोंडं वर असतात, काही पार बुजून गेलीत. पंच घेऊन आम्ही कारखान्यात शिरलो. सुताच्या गाठींखाली एक फरशी सापडली. तिच्या कडेतून कारखान्याच्या सांडपाण्याचा एक नळ खाली गेला होता. फरशी सरकवताच खाली कुंडी उघडली आणि डोळे झोंबले. आणि त्या काळोखातून बाईचा आवाज आला, अगदी पायाशी बसून बोलावं तसा.

"जाऊबाई, सोड गं पोराला. माझा म्हातारीचा जीव घे."

एक पंच बाहेर पळाला. मी मात्र आवाज ओळखला. बांधापलीकडे सासू विहिरीवर वाकून बोलत होती. कुंडी आणि विहीर आतून जोडलेली होती; नळ कुठे उतरतो आणि पाणी कुठे निघतं, ते तिच्या आवाजानंच सांगितलं. पळालेल्या पंचाला परत आणून मी पंचनाम्यात तो आवाजही लिहून घेतला.

पुढे प्रदूषण मंडळाला कळवलं, नमुने नव्यानं झाले, वाढीची परवानगी थांबली. नमुन्याचं खोटं लिहिल्याबद्दल त्या पोरावरही कारवाई झाली. पण पंचनामा झाला त्याच संध्याकाळी मी सासूच्या अंगणात बसून तिच्याच पदराला हळद लावली आणि वर साबण चोळला. ती लाल डागाकडे बघत राहिली. मग उठली, गोठ्यात गेली आणि सुनेचं अंथरूण स्वतः उचलून घरात आणलं. मी निघताना सून मला म्हणाली, "आता विहीर नको, मॅडम. मी रस्त्यावरचा हँडपंपच पुजते."

घाबरलेल्या माणसाला मी तेव्हापासून खोटारडा समजत नाही. त्यानं बहुतेक वेळा खरंच काहीतरी पाहिलेलं असतं, अर्थ तेवढा चुकीचा लावलेला असतो. दोर ओढला जात होता, हे त्या पोरानं पहिल्यांदा जाणलं. ओढणारं काय आहे, ते बघायला मात्र तो थांबला नाही.

कारखान्याचा नळ सिमेंटनं बंद केल्यावर मी एकदा पुन्हा त्या विहिरीवर गेले. बादली सोडली. दोर तसाच तिरका झाला. खालचं पाणी अजून चालतच होतं, आणि आधी जे त्यात मिसळलं ते घेऊन पुढे कुणाच्या तरी विहिरीकडे निघालं होतं.