नट न लावता बसलेला हब

मंडळी, आत्ताच साताऱ्याच्या एमआयडीसीतून घरी आलोय. बोटं निळी आहेत आणि मी ती मुद्दाम धुतलेली नाहीत.

वडिलांच्या सत्तर वर्षं जुन्या मोटारीचे मागचे हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग, आतून झिजले होते. नवे कुठेच मिळेनात. दोन गॅरेजवाल्यांनी तर सांगितलं, गाडी आता शोभेला ठेवा.

मग बापूमामा भेटले. फौजेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले टर्नर. त्यांनी पहिल्या हबच्या आत बुश, म्हणजे धातूची जाड नळी, ठोकला आणि लेथ मशीनवर आतून निमुळता कापला. मला वाटलं, झालं काम.

"झालं कुटलं? आत्ता तर सुरवात हाय."

कपड्यांची नीळ तेलात कालवून त्यांनी ॲक्सलच्या निमुळत्या टोकाला फासली. हब चढवला, काढला. आत जिथे निळा डाग उठला, म्हणजे जिथे उंचवटा टेकत होता, तेवढंच हलक्या हाताने घासलं. पुन्हा नीळ, आता माझ्या बोटांनी, पुन्हा घासणं. तीन तास! शेवटी हब आतून सगळीकडे सारखा निळा झाला.

मग सगळं कोरडं पुसून हब चढवला आणि लाकडाने एकच टोला दिला. मी नट पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या. आदी वढून बघा."

पाय टेकवून, दोन्ही हातांनी ओढला. तसूभर हलला नाही!

"नट नुस्ता राखणीला, सायब. अंगाला अंग लागलं की त्येच धरतंय."

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. निमुळत्या जोडाची गणितं मी परीक्षेत पैकीच्या पैकी सोडवलीत. तो जोड ओढून बघायला आज मिळाला, बेचाळिसाव्या वर्षी.

तुम्हाला तोंडपाठ आहे, पण अजून हात लावून पाहिलेलं नाही, असं काय आहे?