खडूचा उंबरा

नदीला पूर आला तेव्हा खालच्या वस्तीतल्या लोकांची सोय आमच्या गावच्या शाळेत केली होती. मी तिथं खिचडी वाढायला जात असे. एरवी मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माणसाच्या गरजा पायऱ्यांसारख्या असतात, आधी भूक, मग निवारा, मग माया, मग मान, असं वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते.

त्या दुपारी एका वर्गात शिरले. सगळे ताटल्या घेऊन रांगेत उभे होते आणि खालच्या वस्तीतली शांताबाई मात्र जमिनीवर वाकलेली. फळ्याजवळचा खडू घेऊन ती आपल्या चटईसमोर बारीक वेल काढत होती. बाहेर साचलेल्या पाण्याचा उजेड छतावर हलत होता, आणि त्या उजेडात वेलीची पानंही हलल्यासारखी वाटत होती.

"आधी खाऊन घ्या, गार होईल," मी म्हटलं.

"घर पाण्यात हाय, ताई," मान वर न करता ती म्हणाली. "उंबरा तरी असू दे."

मी खिचडीची बादली खाली ठेवली. ही वेल कुठल्या पायरीवरची, ते मला सांगता येईना. कदाचित माणूस पायऱ्या चढतच नसेल. सगळ्या भुका त्याला एकदमच लागत असतील, स्वप्नात सगळी माणसं एकदम भेटावीत तशा.

वेलीपाशी थांबून मी विचारलं, "आत येऊ का?"

ती पदर सावरून सरळ बसली. ती शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं.

"या की," चटईवर जागा करत ती म्हणाली. "जेवलासा का तुमी?"