नाक धरून खाल्लेला जांब

ऐन चातुर्मासात, सासूला शब्द दिलेला असताना, मी भर वर्गात कच्च्या कांद्याची फोड खाल्ली आणि वर ऐटीत सांगितलं, "हा जांब आहे. जरा करकरीत आहे, पण गोड आहे." आमच्याकडे पेरूला जांब म्हणतात. कांद्याला मात्र कांदाच म्हणतात, तेव्हा पळवाट कुठली?

पन्नास-साठच्या मधली ती वर्षं. मी सिंदी मेघेतली नवी सून. रोज पायी वर्ध्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायची. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्यांनी परवानगी दिली होती, पण एका अटीवर. "शिकाले जाय, मी अडवत नाई. पण चातुर्मासात कांदा-लसूण तोंडात गेला, त ट्रेनिंग बंद." त्यांनी हे व्रत वर्षानुवर्षं पाळलं होतं. कांदेनवमीला घरातले कांदे भज्यांत आणि झुणक्यात संपवले की पुढे चार महिने टोपली पालथी. मी तोऱ्यात हो म्हटलं. त्या वयात मला सगळंच सोपं वाटायचं. स्वयंपाकसुद्धा! माझ्या हातची भाजी घरात विनातक्रार खायचे ते फक्त मामाजी, म्हणजे सासरे. नाकाला उपरणं लावून, सूं सूं करत, ते सगळं ताट स्वच्छ करायचे. घरात चवीचं माणूस हे एकच, असं माझं ठाम मत होतं.

आम्हाला मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाई म्हणजे जादूगारच. पुस्तक उघडायच्या आधी त्या हातात काहीतरी देत. एकदा त्यांनी तीन वाडगे मांडले, गरम, गार आणि कोमट पाण्याचे. एक हात गरमात, दुसरा गारात बुडवायला लावला आणि मग दोन्ही कोमटात. तेच पाणी माझ्या एका हाताला थंडगार लागलं, दुसऱ्याला चांगलं ऊन. मी घरी जाईपर्यंत स्वतःच्या हातांकडे संशयाने बघत होते. इतकी वर्षं हे मला काय काय सांगत आले असतील!

त्या दिवशी बाईंनी टेबलावर जांबांची टोपली ठेवली. शेजारी झाकलेली ताटली. त्या काहीतरी विचारत होत्या, मुली माना हलवत होत्या. मी मात्र शेजारणीला माझ्या जिभेची थोरवी सांगत होते, की मीठ कोणत्या दुकानचं तेसुद्धा मी ओळखते. "कोण येतं?" एवढंच ऐकू आलं आणि मी उठलेच. डोळ्यांवर पट्टी बांधली, नाक मीच घट्ट धरलं. फोड तोंडात आली. करकर वाजली. जिभेला गोडसर लागली. जरा चुरचुरलं, पण तेवढ्याकडे कोण लक्ष देतो? टोपली मी डोळ्यांनी पाहिली होती ना! म्हणून तो जांब.

"आता नाक सोडा," बाई म्हणाल्या.

सोडलं, आणि टाळूपासून कपाळापर्यंत कांदाच कांदा झाला. वर्ग हसून लोटपोट. बाई सांगत होत्या, जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढंच कळतं; बाकी सगळी चव नाकाची, आणि उरलेलं मन आपल्या अंदाजाने भरून टाकतं. इतकं सुंदर काही मी तोवर ऐकलं नव्हतं. पण घास गिळला गेला होता. मी रडवेली होऊन व्रताचं सांगितलं, तशा बाई चमकल्या. "अगं, मी आधी विचारलं नव्हतं का, कुणाला कांदा वर्ज्य आहे का म्हणून?" विचारलं होतं. तेच ते विचारणं. माझे कान उघडे होते, लक्ष बंद होतं. बाईंचं पातळ त्या दिवशी कोणत्या रंगाचं होतं, तेही मला आज सांगता येणार नाही. त्या कांद्याचा वास मात्र आत्ता लिहितानाही नाकात आहे.

वाटभर मी बडीशेप चघळली. हातावर श्वास सोडून पाहिला, काही वास येईना. सुटले, असं वाटलं. माझंच नाक माझ्या तोंडाला सरावलं होतं, हे कुठे ठाऊक! आत्याबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. मी उंबऱ्याशी पोचते तोच मान वर न करता म्हणाल्या, "कांदा खाल्ला तू."

मी घडाघडा सगळं सांगितलं.

"नाक धरलं त कांद्याचा जांब होते? मले काय येडी समजतं?"

आता बोलण्यात अर्थ नव्हता. मी आत पळाले आणि वेलची कुटून वाटीत साखरेत कालवली. "आत्याबाई, डोळे मिटा. नाक धरा. घट्ट." काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी धरलं. मी चिमूट जिभेवर ठेवली.

"साखर हाये. दुसरं काय रायते?"

"सोडा नाक."

त्यांनी सोडलं. डोळे खाडकन उघडले. "अवं माय! विलायची!" पुन्हा नाक धरलं, पुन्हा साखर. पुन्हा सोडलं, पुन्हा वेलची. डाळ तशीच राहिली. माझ्यापेक्षा कितीतरी मोठी ती बाई लहान पोरीसारखी धर-सोड करत होती, आणि मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. शिकणं म्हणतात ते असं दिसतं, हे मला वर्गात नाही, त्या ओसरीवर कळलं. वाटी रिकामी झाली, तेव्हा धीर करून विचारलं, "आत्याबाई, मग उद्या जाऊ का मी?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मामाजी आत सूं सूं करत होते, तिकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "जांब समजून खाल्ला ना तू? मंग जांबच झाला तो, जाजो उद्या. अन् आता समजलं मले, तुह्या हातची भाजी तुहे मामाजी मुकाट्यानं काऊन खातेत. त्यायचं नाक त बारा महिने बंदच रायते!"