शिरोळच्या मळ्यात माणसंच झाली माशा

शनिवारी दुपारी कोल्हापुरातून स्कूटर काढली ती नृसिंहवाडीची बासुंदी डोळ्यांसमोर ठेवून. मुक्काम शिरोळला, मामीकडे. हातकणंगले, जयसिंगपूर करत दीड तासाचा रस्ता. पण कारखाने सुरू असताना जाणार असाल तर उसाच्या ट्रॉल्यांपायी अर्धा तास जास्तच धरा.

रविवारी उजाडताच मामीनं हलवलं. "चल मळ्यात, फुलांचं काम हाय."

मला वाटलं, पूजेची फुलं. मी परडी घेऊन निघाले!

मळ्यात लाल भोपळ्याचे वेल पसरलेले. मामी आणि दोन शेजारणी वाकून एकेक नर फूल खुडत होत्या, पाकळ्या सोलून आतला परागाचा दांडा मादी फुलात फिरवत होत्या. एक झालं की दुसरं. मी परडी घेऊन तशीच उभी.

"हे काय करताय?"

"मधमाशा हाईत कुटं आता? फळच धरंना झालंय," मामी मान वर न करता म्हणाली. "म्हणून आमीच माशा झालोय."

मीही हात लावला. अर्ध्या तासात कंबर धरली. तेवढ्यात एक मधमाशी आली. खरीखुरी, एकटी. मामीनं हातानंच सगळ्यांना थांबवलं. माशी फुलात शिरली, पिवळी होऊन बाहेर आली. आणि बांधापलीकडे फवारणीचा पंप सुरू झाला.

मामी पदर खोचून धावली. "आप्पा, बंद करा आदी! फुलं उघडी हाईत!"

शेजारच्या म्हाताऱ्या आप्पांनी दचकून पंप थांबवला. "मग कवा मारू?"

"सांजच्याला. फुलं मिटल्यावर."

"मला कुणी सांगितलंच न्हाय की," आप्पा म्हणाले आणि पंप पाठीवरून उतरवून खाली बसले.

येताना मामीनं बांध दाखवला. तणनाशक बंद केलंय, मोहरी आणि कोथिंबीर मुद्दाम फुलायला सोडलीय. तिथं मात्र चार-पाच माशा होत्या.

बासुंदी खाल्ली, पण चव आठवत नाही. घरी पोचल्यावर मामीला फोन केला आणि सांगून टाकलं : गेल्या वर्षी आमच्या सोसायटीनं टाकीखालचं पोळं काढायचा ठराव केला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होते.

"धूर करून हुसकलं न्हवं?" मामीनं विचारलं.

"नाही. जाळलं."