भंडाऱ्याखालचा रंग

मेंढरू मान खाली घालून कळपाच्या मागं रेंगाळलं की भामाबाई त्याला धरायची. जबडा काखेत दाबायची, अंगठ्यानं डोळ्याखालची पापणी ओढायची आणि आतला रंग बघायची. लालबुंद असला तर ढुंगणावर चापट मारून सोडून द्यायची. फिका असला तर मग तिचं दिवसभर जेवणात ध्यान नसायचं.

पाटोद्याच्या वरच्या माळावर त्यांची धनगरांची वस्ती, चार-सहा घरांची. नवरा गेल्यावर कळप तिनंच राखला, लखनला थोर केला, त्याचं लगीन लावलं. लांडग्याला ती भ्याली नाही, पण माणसांच्या दवाखान्याचं नाव काढलं की ती उठून कळपाकडं चालू लागायची. सून ऋतुजा दोनदा दवाखान्यातून रिकाम्या ओटीनं परत आली होती. दोन्ही वेळा पोरीला धरून जीपमध्ये बसवणारी भामाबाईच होती.

म्हणून या खेपेला तिनं बिरोबाच्या पायरीवर डोकं टेकवून नवस बोलला होता. "लेकरू जितं घरी येऊ दे, देवा. त्याचा बाप त्याला तुझ्या पायावर घालील. तवर तुझा भंडारा त्याच्या अंगावरनं पुसायची न्हाई मी."

लेकरू जितं आलं. ऋतुजा पाटोद्याच्या दवाखान्यात मोकळी झाली, बाळ चांगलं रडलं, घरी पाठवलं. उंबऱ्यातच भामाबाईनं देवाची हळद मूठभर घेतली आणि कपाळापासून तळपायापर्यंत बाळाला माखून काढलं. लखन मेंढरं घेऊन तिकडं उमापूरच्या कपाशीच्या रानात गेलता. ऋतुजाची आई ऊसतोडीला, कारखान्यावर. घरात सासू, सून आणि हे पिवळंधमक बाळ.

आणि बाळ लई गरीब. रडायचंच नाही.

"नशीब काढलंस, ऋतुजा," शेजारची ताराबाई म्हणाली. "आमच्या पोरांनी वस्ती डोक्यावर घेतली हुती."

"बापावर गेलंय," भामाबाई म्हणाली. "लखन बी असाच पडून ऱ्हायचा."

"त्यो आता बी पडूनच ऱ्हातोय की. मेंढरं कुत्रंच राखतंय म्हनं!"

हसल्या दोघी. ऋतुजा हसली नाही. ताराबाई गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आत्या, ह्ये दूध वढत न्हाई. तोंडात घेतंय अन् झोपतंय. माजी छाती दगडावानी झालीय."

"भूक लागल्यावर वढतंय. आस्तं एखादं आळशी."

बोलली खरी, पण चुलीपुढं बसल्यावर तिचे हात चालेनात. आईखाली लावूनही न लुचणारी कोकरं तिनं आयुष्यभर बघितली होती. त्यांचं पुढं काय होतं तेही. तिनं ते मनातल्या मनात दाबलं. हे कोकरू नव्हे. ह्याच्यावर देवाचा भंडारा आहे.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या टायमाला सरकारी दवाखान्याची आशाताई, मोहिनी आली. खालच्या गावातलीच पोर, खांद्याला पिशवी, हातात फोन. तिनं बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली. बाळानं पाय जरा आखडला आणि परत सैल सोडला. मोहिनीचा चेहरा उतरला.

"मामी, डॉक्टरबाईला दावू. फोनवरच दिसतंय त्यांना सगळं."

"दाव की. हितंच दाव."

"हितं रेंज कुठंय? हौदापशी जावं लागंल."

"उद्या पाचवी हाय. पाचवीच्या आधी लेकरू उंबऱ्याभाईर काडत न्हाईत, येडे."

तोवर ऋतुजानं बाळ घोंगडीत गुंडाळलंही होतं. ती ओली बाळंतीण, एका हातानं भिंत धरून बाहेर पडली. सासूला विचारल्याशिवाय कधी पाणी न प्यालेली पोर. भामाबाई मुकाट मागं निघाली.

हौदाच्या कठड्यावर मोहिनीनं फोन टेकवला. पडद्यावर चाक गोल गोल फिरलं आणि एकदाची डॉक्टरीणबाई उमटली, तरणीताठी, चष्मा लावलेली. तिनं बाळ किती वेळा पितं, किती वेळा शू करतं ते विचारलं. मग फोन जवळ धरायला सांगितलं.

"आजी, बाळाला काय लावलंय?"

"भंडारा हाय. बिरोबाचा."

"तो पुसून दाखवा मला."

"त्यो पुसायचा न्हाई."

"कावून पुसायचा न्हाई, मामी?" मोहिनी मधेच बोलली.

"तू गप गं! दोन गेली, बाई. ह्ये तिसरं ऱ्हायलंय त्ये ह्या भंडाऱ्यानं. त्योच काडून घ्या म्हन्ता?"

 डॉक्टरीणबाई तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्यावर तशीच थिजली होती.  शिकलेल्या बाईलाही यावर बोलता येईना, म्हणजे काय समजायचं? मग मोहिनीनं फोन डोक्याच्या वर धरला, वारा आल्यागत आवाज आला.

"ऐकू येतंय का? हॅलो? आजी, देवाला मी नाही म्हणत नाही. पण फोनमध्ये आधीच रंग नीट दिसत नाही, त्यात ही हळद. हिच्याखाली कावीळ असली तर मलाही कळणार नाही आणि तुम्हालाही नाही. फार चढली तर मेंदूत जाते. बाळाचे डोळे बघा. डोळ्यात तर भंडारा जात नाही ना?"

बाळाचे डोळे मिटलेले. ऋतुजाला ते उघडेनात. भामाबाईनं तिला बाजूला सारलं. कोवळ्या पापणीवर तिनं तोच अंगठा ठेवला आणि हलकेच ओढला.

माळावर तरवड फुलतो, तसला पिवळा रंग.

तिनं दुसरा डोळा बघितला. मग पहिला परत बघितला.

"पानी दे गं," ती म्हणाली. मग वाट न बघता तिनंच पदराचं टोक हौदात बुडवलं, घट्ट पिळलं आणि पुसत सुटली. पाय, पोट, छाती. हळद पदरावर येत होती आणि खालची कातडी पिवळीच निघत होती. कपाळाशी तिचा हात अडला. बिरोबाचं नाव तोंडात होतं. मग तिनं तेही पुसलं. ओल्या पदराला गाठ मारली आणि कमरेला खोचली.

"तळवे दाखवा," फोन म्हणाला. मोहिनीनं दाखवले. "आत्ताच्या आत्ता निघा. मी बीडला लहान बाळांच्या वॉर्डात कळवते. मोहिनी, गाडी बोलाव. बाळ आईच्या छातीशी उघडं धरा, वरून घोंगडी. वाटेत जागं करून पाजत राहा."

गाडी माळावर चढत नव्हती. तिघी उतरणीनं खाली निघाल्या. भामाबाई पुढं होऊन दगड बाजूला सारत होती आणि पावलागणिक मागं वळून विचारत होती, "हाय का? हलतंय का?"

गाडीत ऋतुजा बाळाच्या कानाला टिचक्या मारत राहिली. बाळ ओठ हलवायचं, थांबायचं. ते थांबलं की भामाबाई वाकून त्याच्या नाकाशी बोट धरायची.

बीडला बाळाला काचेच्या आत नेलं, निळ्या उजेडाखाली ठेवलं, डोळ्यावर पट्टी बांधली. ऋतुजाला आत घेतलं. भामाबाई बाहेर. नर्स सांगून गेली, "कावीळ लई चढलीय, आजी. उजेडानं उतरली तर बरं, नाहीतर रक्त बदलावं लागंल. परत रक्त तपासलं की कळंल."

तिन्हीसांजेला लखनचा फोन आला, तोंड दिसणारा. मोहिनीनं भामाबाईच्या हातात दिला आणि कॅमेरा काचेकडं वळवून दिला.

"आये, ह्ये निळं कावून दिसतंय?"

"उजेड हाय त्यो. काविळीचा."

"अन् भंडारा?"

"पुसला म्या."

 भामाबाईनं फोनकडं बघितलं. चित्र अडकलं नव्हतं, लखनच्या मागं मेंढरं चरत होती.

"डोळा बघितला हुता?" शेवटी त्यानं विचारलं.

"बघितला. पर उशिरा."

आत नर्स वाकली. बाळाची टाच धरली, सुई टोचली. आणि काचेपलीकडून आवाज आला, आधी बारीक, मग फाटका, मग चांगला खणखणीत. रागावल्यागत.

"आये, काय झालं? कोन रडतंय?"

रक्ताचं काही कळायचं होतं अजून. भामाबाईनं फोन काचेला टेकवला आणि तसाच धरून ठेवला.

"ऐक," ती म्हणाली. "तुजंच हाय."